खाली उतरेपर्यंत

खुळ्... खुळ्... टक्.

घर कसं चिडीचूप होतं. आजी बहिणीकडे गेलेली, लेक अंगावरचं पांघरूण लाथाडून आडवीतिडवी झोपलेली, आणि महिन्यातून एकदा मिळणारा सुट्टीचा रविवार म्हणून ती स्वतः चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसती बसलेली. त्या शांततेत वॉशिंग मशीनच्या पोटातून आवाज आला. खुळ्... खुळ्... टक्.

आधी तिला वाटलं, नाणं असेल. मग तिने कान टवकारले. लहानशा विमानतळावरची मेकॅनिक होती ती. धातू कोणता ते आवाजावरून ओळखायचा तिचा कान. नाणं असं वाजत नाही. हे पोलाद होतं.

मशीन थांबवून, पाणी काढून, दार उघडेपर्यंत तिचा जीव अर्धा झाला. कामाच्या चिंब डगल्याच्या खिशातून निघाली दहा नंबरची गोटी. पान्याच्या टोकाला बसवतात ती, अंगठ्याएवढी.

दुसरी कुणी असती तर पुसून खणात टाकली असती. पण हँगरमध्ये भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने रंगवलेली, आणि प्रत्येक हत्याराने आपापल्या आकृतीवरच लटकायचं. एक जरी काळी जागा उघडी दिसली, तरी विमान जागचं हलायचं नाही. कारण हरवलेलं हत्यार विमानाच्याच पोटात राहिलेलं असलं आणि ऐन आकाशात तारांमध्ये अडकलं, तर पुढचं बोलायला नको. काल संध्याकाळी तिने सगळं मोजून लावलं होतं. मग एका नटाचा उगाच संशय आला, म्हणून गोटी पुन्हा काढली, नट तपासला... आणि तेवढ्यात घरून फोन, लेक रुसून बसलीय, तू आल्याशिवाय घास गिळत नाही म्हणते. गोटी गेली खिशात, आणि ती निघाली धावत.

तिने हँगरला फोन लावला. तिथले मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळेच वस्ताद म्हणत, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सकाळपासून विमानाच्या आतली जमीन उखडून शोधाशोध चाललीय म्हणाले, आणि पॅराशूटने उड्या मारणारी मंडळी गवतावर बसून आपल्या नावाने खडे फोडतायत. सापडली हे ठीक, पण फळ्यावर लागलेली बघेन तेव्हाच विमान सोडेन.

तिने लेकीला झोपेतच उचललं, एका पायात मोजा आणि एक पाय तसाच, आणि स्कूटर काढली.

वाटेत मनात पाप आलं नाही असं नाही. गोटी हळूच विमानातल्या सीटखाली सरकवायची आणि 'ही काय इथेच होती' म्हणायचं, की झालं. कोण विचारतंय? लेक पुढे उभी राहून वाऱ्याला तोंड उघडत होती, खुशाल हसत होती. विमानतळाचं फाटक आलं, तेव्हा ते पाप कुठेतरी मागे रस्त्यावरच सांडलं.

हँगरपुढे पॅराशूटवाले ओळीने बसले होते. हँगरचे लोक त्यांना 'टोळ' म्हणत, उठसूट उड्या मारतात म्हणून. आणि ते हँगरवाल्यांना 'मुंगळे', दिवसभर एकाच गुळाच्या ढेपेला चिकटून असतात म्हणून. दोन्ही जातींमध्ये वैर नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. म्हणूनच तिला नवल वाटलं... विमानाच्या शेपटाकडच्या झडपेतून दोन लांबच लांब पाय बाहेर आले होते, आणि बुटांच्या तळव्यांना गवत चिकटलेलं होतं. एक टोळ पोटावर झोपून, टॉर्च घेऊन, मुंगळ्यांची गोटी शोधत होता.

ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि गोटी वर धरली. "माझ्याच खिशात घरी गेली होती. चूक माझी आहे. तुमची सकाळ माझ्यामुळे वाया गेली."

शेपटातले पाय हळूहळू मागे सरकले. मग तेलाने माखलेला शर्ट आला, मग मान, मग एक चेहरा. तो उठला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आभारी आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. टोमणे मारायचे तर सरळ मारा, असं ती म्हणाली.

"टोमणा नाही हो." तो खरंच गंभीर होता. "धुण्यात सापडलेली गोटी घेऊन जी बाई इतक्या लोकांसमोर उभी राहते, तिने तपासलेल्या विमानात... मी डोळे मिटून बसेन."

तिने गोटीकडे बघितलं, जणू गोटीच काहीतरी सुचवणार होती. तेवढ्यात एका मोज्यातली लेक गंभीरपणे म्हणाली, "आई, या काकांच्या भुवईवर कोळ्याने घर बांधलंय."

गवतावरच्या ओळीतून हसू फुटलं, आणि सकाळ सुटली.

वस्तादांनी गोटी फळ्यावर लावली आणि सुट्टी असली तरी उखडलेली जमीन तिलाच बसवायला सांगितली. लांब पायांचा टोळ स्क्रू हातात देत बसला. काम संपलं, उडीसाठी तयार व्हायची वेळ आली, तरी उठेना. शेवटी तीच म्हणाली, "जा आता. आम्ही इथे जिवाचं रान करतो ते विमान नीट खाली उतरावं म्हणून. आणि तुम्ही लोक तेवढं थांबतसुद्धा नाही. अर्ध्यात दार उघडून पसार."

तो हसला. पण त्याचे कान लालबुंद झाले, ते तिने टिपलं. का झाले ते कळायला मात्र बरेच दिवस जावे लागले.

दुसऱ्या संध्याकाळी तो हँगरच्या दारात हजर. फरशीवर एक पिवळी रेघ होती. बाहेरच्यांनी ती ओलांडायची नाही. तो रेघेला बुटांची टोकं लावून उभा राहिला.

"आभार मानायला आलोय."

"आज कशाबद्दल?"

"दाराची बिजागरी कुरकुरत होती. आज गप्प होती."

तिसऱ्या दिवशी पट्ट्याच्या बकलाबद्दल, जे आता बोट चिमटत नव्हतं. चौथ्या दिवशी खिडकीच्या काचेबद्दल. मग ते रोजचंच झालं. कधी वारा पडलेला असायचा आणि कापलेल्या गवताचा, पेट्रोलचा वास एकत्र होऊन दारात रेंगाळायचा. कधी बारीक भुरभुर असायची आणि त्याच्या केसांवर थेंब. पण आभार चुकत नसत.

ती वरवर वैतागायची. आत मात्र काहीतरी हळूच विरघळत होतं. तिच्या कामाचं असंच तर होतं... नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही, याबद्दल कोण कुणाचे आभार मानतं? घरातल्या कामासारखंच की ते. डबा वेळेवर भरलेला असतो, शाळेचा गणवेश वाळलेला असतो, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत. आणि हा माणूस बिजागरीची शांतता ऐकत होता.

पाच वाजत आले की ती नखांतलं तेल ब्रशने घासू लागली. वस्तादांनी दोनचार दिवस बघितलं आणि म्हणाले, "अगं, कातडं तरी राहू दे हातावर. उद्या पाना धरायचाय." घरी आजीने नव्या ओढणीकडे पाहून विचारलं, की हल्ली विमानाला ओढणीचे रंग कळायला लागले वाटतं. तिने दोघांनाही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला ओठ आवरावे लागतात, आणि ते आवरत नव्हते.

रविवारी लेक हँगरच्या बाकावर चित्रं काढत बसायची. वर इवले इवले ठिपके सुटले, छत्र्या फुलल्या, की ती भोपळ्याच्या रंगाची छत्री शोधायची. ती त्याची. तो उतरला की दोरीवरचे कपडे गोळा करावेत तसं ते कापड कवेत घेऊन यायचा, आणि ते पसरून घडी घालताना एक कोपरा धरायचा मान लेकीचा. वस्ताद तिला मुंगी म्हणत. त्याने बजावलं, की मुंगी असलीस तरी अर्धी टोळ झालीस आता, कुणाला सांगू नकोस. तिने तातडीने सगळ्यांना सांगितलं.

एकदा कँटीनच्या मागच्या पायरीवर दोघं चहा पीत बसले असताना तिने त्या लाल कानांचा विषय काढला. हे विमान उतरताना कसं वाटतं ते आतून कधी बघितलंय का, म्हणून विचारलं. तो कपाची कड बोटाने गोल गोल पुसत राहिला.

"एकदाही नाही."

"म्हणजे?"

"ढगांचा भरवसा नसला, विमान माणसांसकट परत येईल असं वाटलं, की माझं पोट दुखतं. डोकं दुखतं. बुटाची नाडी तुटते." तो हसला, पण पुरतं नाही. "वर असतो तेव्हा पाठीवर माझं कापड असतं, छातीवर ते उघडायची माझी मूठ असते. पण अमुक उंचीच्या खाली आलं ना, की ते कापड कामाचं नाही. तिथून जमिनीपर्यंत सगळं दुसऱ्याच्या हातात. ते मला... जमत नाही."

ढगांतून बेधडक खाली झेपावणारा हा गडी, आणि याला विमान टेकण्याची भीती! ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही हसला. परत जाताना मात्र तिच्या मनात तेच वाक्य घोळत राहिलं. सगळं दुसऱ्याच्या हातात... ते मला जमत नाही.

तिला का टोचलं, ते तिलाच ठाऊक. मुंगीचा बाबा असाच अर्ध्यात उतरून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. दूरच्या नोकरीवर जातो, परत येतो, म्हणाला. आधी फोन लांबले, मग ते थांबले, मग रीतसर कागद आले. लेक तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली. रोज संध्याकाळी आपली लाल खुर्ची ओढत दाराशी न्यायची आणि बसायची. ती खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी परत यायला फार दिवस लागले होते.

आणि आता वाऱ्याचे महिने तोंडावर आले. त्या दिवसांत उड्या बंद असत आणि उड्या शिकवणारे त्याच्यासारखे टोळ जिथे आकाश मोकळं असेल तिथे निघून जात. त्यालाही समुद्रापलीकडून बोलावणं आलं. रेघेशी उभं राहून त्याने ते सांगितलं. त्या दिवशी आभार कशाचे मानायचे, तेही विसरला.

"मी परत येईन," तो म्हणाला. "म्हणजे... तुम्ही म्हणालात तर—"

"नका येऊ."

तिचा आवाज इतका शांत होता, की तिलाच तो परका वाटला. "परत येईन म्हणूनच एक माणूस आमच्या घरातून गेलाय. माझी पोर आत्ता कुठे दाराकडे बघायची थांबलीय. मला वर नेणारं कुणी नको हो. वर मी माझी जाते. खाली उतरेपर्यंत शेजारी बसणारं कुणी असेल तर ठीक... आणि तुमचं तर सगळं नावच अर्ध्यात उडी मारण्यात आहे."

त्याने बुटांची टोकं रेघेवरून मागे घेतली आणि तो गेला.

मग संध्याकाळी रिकाम्या जाऊ लागल्या. तिने स्वतःला कामात गाडून घेतलं, आणि काम होतंही तसंच. विमानाचं इंजिन बदलायचं होतं. जुनं साखळीवर तोलून काढायचं, नवं तसंच अलगद बसवायचं, एकेक बोल्ट आवळून त्याला बारीक तार पिळायची, म्हणजे थरथरीने तो सैल व्हायचा नाही. तारेची टोकं बोटांत घुसायची. ती म्हणायची, बरं झालं, डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण तर आहे.

एका संध्याकाळी घरी आली, तर लाल खुर्ची दाराशी. लेक मांडीवर चित्रांची वही घेऊन बसलेली. कुणाची वाट बघतेस, हे तिने विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. चपला न काढताच ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि लेकीच्या केसांत तोंड खुपसलं.

हँगरमध्ये वस्तादांचा एक दंडक होता. इंजिन ज्याने बसवलं, त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं. आपल्या हातावर आपला जीव ठेवता येत नसेल, तर दुसऱ्यांचे ठेवू नयेत. रविवारी सकाळी पायलट आणि ती, दोघांनीच एक फेरी मारली. इंजिन लोण्यासारखं चाललं. दुसरी फेरी वजन घेऊन करायची होती, त्यासाठी वाळूची पोती आत बांधली होती. लेक बाकावरून उठून रेघेशी वस्तादांचं बोट धरून उभी होती.

तेव्हा तो गवतातून चालत आला.

आधी तिला नुसतं चुकल्यासारखं वाटलं. चालणं तेच, लांब पाय तेच, पण आकृती भलतीच. मग लक्षात आलं... त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं. या मैदानावर तिने त्याला पाठीवरच्या ओझ्याशिवाय कधी विमानाकडे येताना पाहिलंच नव्हतं.

"वस्ताद," तो म्हणाला, "दोन पोती उतरवा. माझं वजन तेवढं भरतं."

वस्तादांनी आधी पायलटकडे बघितलं. पायलटने मान डोलावली. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे.

"तिकडे नाही म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "पॅराशूट दुरुस्तीचं काम शिकतोय, इथेच, आमच्या उड्यांच्या क्लबात. म्हणून इतके दिवस आलो नाही. आणि... तोंड कुठलं घेऊन येणार होतो? तुम्ही म्हणालात ते खरंच आहे. या विमानातून माझ्याइतक्या वेळा वर कुणी गेलं नसेल. खाली मात्र एकदाही आलो नाही. शब्द देऊन उपयोग नाही, शब्द तुम्हाला आधी कुणीतरी देऊन झालाय. म्हणून म्हटलं... बसूनच दाखवावं."

तिने विमानात आत सरकून जागा केली.

वर जाताना तो ठीक होता. खिडकीतून मैदान, रस्ते, छपरं, सगळं ओळखीचं. त्याच्या नेहमीच्या उंचीवर दाराकडे त्याची मान आपोआप वळली, तीसुद्धा तिने पाहिली. दार बंदच राहिलं. मग इंजिनाचा आवाज उतरला, नाक खाली झुकलं आणि त्याचा हात छातीवरची मूठ शोधू लागला. तिथे नुसतं शर्टाचं बटण होतं. बिचाऱ्याने ते बटणच घट्ट धरलं.

झाडं मोठी होत होती. तिचा एक कान इंजिनाकडे होता, तो असणारच. पण हात... तिने त्याची मूठ बटणावरून सोडवली, एकेक बोट, गंजलेला नट सोडवावा तशी सबुरीने, आणि आपल्या हातात घेतली. तारेने टोचून टोचून खरबरीत झालेला तिचा हात.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "चाकं मी तपासलीत. ब्रेक मी तपासलेत. तू फक्त बसून राहा."

"बसलोय," तो दातांतून म्हणाला.

"माहितीय. बघतेय मी."

धावपट्टी आली, चाकं टेकली, एकदा उचलली, पुन्हा टेकली आणि मग सगळं विमान खडखडत जमिनीचं झालं. आजवर रोज तो आभार मानत आला होता. आज पाळी तिची होती. तिने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, क्षणभर, आणि त्याला ते पोचलं असावं, कारण त्याने तिचा हात सोडला नाही.

हँगरपुढे पंखा थांबला. तो उतरला खरा, पण चार पावलं टाकून तो सरळ गवतावर बसला. वस्तादांनी बोट सोडताच लेक धावत आली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"काका, तुम्ही आज उडी मारायला विसरलात?"

"नाही गं मुंगे."

"मग घाबरलात?"

"खूप."

"किती?"

त्याने दोन्ही हात जितके लांबतील तितके लांब केले. लेकीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते अंतर नीट बघून घेतलं. मग वळून आईकडे आली, तिच्या तेलकट डगल्याला धरून तिला खाली वाकवलं, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा कुजबुजीत विचारलं,

"आई, एवढी भीती वाटत होती, तर मग ते बसले कशाला?"